आमची वाटचाल : मकरपुऱ्यातला लाल ट्रे

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं पंपाच्या शाफ्ट-स्लीव्हचं (फिरणारा दांडा आणि त्यावरचं नळकांडं) जॉबवर्क. एक लेथ, एक सेकंडहँड सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल पीस घासून नेमक्या मापाला आणणारं मशीन) आणि दांडिया बाजारातल्या मित्राची भागीदारी, एवढ्यावर सुरुवात झाली. भागीदार कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षण संस्थेत, शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं तेव्हापासून तिथे हातानं काम करणाऱ्याला शास्त्र शिकवलं जातं, हे ते प्रत्येक नव्या पोराला अभिमानानं सांगत. पुढे काम मिळत गेलं, शेड वाढली. त्यात विशेष सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते त्या एका दिवाळीनंतरचं. बोनस वाटून आठवडा होत नाही तोच पलीकडच्या गल्लीतल्या एका कारखानदारानं आमचा फोरमन आणि तीन टर्नर उचलले. पगार जास्त दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना एकानं ड्रॉइंगच्या फायलीचे फोटो काढून नेले आणि आमच्याच पार्ट्यांना (गिऱ्हाइकांना) आमच्यापेक्षा कमी रेट गेला, हे मी आजही विसरलेलो नाही. आमचं शटर पडणार, ही बातमी बाजारात कुणी सोडली तेही ठाऊक आहे. ती ऐकून स्टीलवाल्यानं उधारी बंद केली.

त्यातच एका लॉटमधले निम्मे शाफ्ट परत आले. ४० मिलिमीटर व्यास, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच ६, म्हणजे शून्य ते उणे १६ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्याकडे पास, पार्टीकडे अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक. भागीदार ग्राइंडरपाशी स्टूल टाकून बसले. नवा पोरगा जॉब, म्हणजे मशीनवरचा पीस, गरम असतानाच माप घेत होता. जॉब मायक्रोमीटरपेक्षा (बारीक माप घ्यायच्या साधनापेक्षा) २० अंशांनी गरम असला की एवढ्या व्यासाला आठ-नऊ मायक्रॉन जास्त दाखवतो, थंड झाला की तेवढाच आकसतो. अर्धा टॉलरन्स तिथेच खलास.

पोराला शंका आली होती. पण रिजेक्शनचं, म्हणजे बिघडलेल्या पीसचं, नुकसान पगारातून कापायचं ही आमच्या गल्लीतली सगळ्यांचीच रीत, आणि जुना फोरमन पीस बिघडला की चारचौघांत आईबहीण काढायचा. तो गेला तरी धाक राहिला होता. बिघडलेले पीस चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ड्रममध्ये तळाशी सापडले.

भागीदारांनी त्या दिवसापासून कापाकापी बंद केली. शेडच्या मधोमध लाल ट्रे ठेवला: बिघडलेला पीस तिथे, कारण खडूनं फळीवर, नाव नाही. शंका आली तर न विचारता मशीन थांबवायचं. माझा डिलिव्हरीचा आग्रह होता, तेव्हा त्यांनी जपानी संशोधक साकिची टोयोडांच्या १९२४ च्या कापड विणायच्या मागाचं उदाहरण दिलं. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा. "मागाला थांबायची मुभा आणि माणसाला नाही?" एवढंच म्हणाले.

सुरुवातीला ट्रे रोज भरायचा. ऑडिटच्या आधी तो उचला, असं दोन पार्ट्यांनी सुचवलं. अंकलेश्वरच्या पंप कंपनीत परचेस बघणारे एक भाई मात्र फळीसमोर उभे राहून सगळी कारणं वाचून गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचे बार पाठवले. मटेरियल त्यांचं, मजुरी आमची. फोनवर गुजरातीत म्हणाले, "शाफ्ट मोकलो, वात पछी." म्हणजे शाफ्ट पाठवा, बोलणं नंतर. उधारीशिवाय कारखाना चालला तो या माणसामुळे. त्यांच्या ऑर्डरला आजही आमच्याकडे पहिला नंबर आहे.

नव्या कारखानदारांना सांगतो: फोरमनच्या डोक्यातलं सेटिंग आजच कागदावर उतरवून घ्या. मायक्रोमीटर आणि जॉब एकाच सरफेस प्लेटवर (माप तपासायच्या सपाट पाटावर) थंड होऊ द्या. आणि रिजेक्शन शून्य दिसलं तर पेढे वाटण्याआधी भंगाराचा ड्रम उपसून बघा.

गेलेल्यांपैकी दोन टर्नर नंतर परत आले. तिकडे पगार वेळेवर होत नव्हता. भागीदारांनी त्यांना जुन्याच मशीनवर उभं केलं, जुनं काही काढलं नाही. फोटो काढणाऱ्यानंही निरोप पाठवला होता. त्याला मी नाही म्हटलं.