"दोन्हीला चालते" म्हणून विकलेली सॅक आणि खिंडीखालची घळ

"उन्हाळ्यातला लांबचा ट्रेक असो की हिवाळ्यातलं स्कीइंग, डोळे झाकून घ्या, दोन्हीला चालते." ६५ लिटरची सॅक माझ्या गळ्यात मारताना विक्रेता हेच म्हणाला होता. निम्मं खरं निघालं. उन्हाळ्यात चालली. हिवाळ्यात तिने जो जीव काढला, त्यासाठी हा वृत्तांत. ज्यांना ओझं घेऊन चालायची आणि स्कीवरून चढायची सवय आहे, त्यांच्यासाठीच लिहितेय. कपड्यांचे थर किती, झोपायची पिशवी कुठली, हे इथे शोधू नका.

उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. वाट मळलेली, हवा चांगली, तंबूसकट सगळं आत मावलं, पाठीवरच्या ताणलेल्या जाळीमागून वारा खेळता राहिला. छान.

हिवाळी फेरी झोपडीवरून झोपडीवर होती, म्हणजे तंबू नाही. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. स्की पायात, तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावलेल्या, चढ सौम्य. मग खिंडीखालची घळ आली.

उतार इतका उभा की स्किन धरेनात. स्की काढून पाठीवर घ्यायच्या आणि बुटाच्या टोकाने पायऱ्या मारत वर जायचं. या सॅकला स्की अडकवायची सोय म्हणजे दोन्ही अंगांचे बारीक पट्टे आणि खाली पाण्याच्या बाटलीसाठी शिवलेले जाळीचे खिसे. एकेका खिशात एकेक स्की उभी केली, वरची टोकं एकत्र बांधली. अर्ध्या चढावर पोलादी कडेने उजवा खिसा उभा फाडला. स्की हातभर खाली घसरली आणि त्या बारीक पट्ट्यावर लोंबत राहिली. तिथून वरपर्यंत दर पावलाला स्कीचं शेपूट पोटरीवर. आपटतंय, आपण शिव्या घालतोय, पुढचं पाऊल. पुन्हा आपटतंय.

ते निस्तरायला सॅक उतरवून बर्फात टेकवली, तेव्हा दुसरं प्रकरण सुरू झालं. जाळी आणि सॅकची पाटी यांच्यामध्ये तळहात सहज जाईल एवढी फट असते. उन्हाळ्यात हीच फट वारा देते. बर्फात ती भुशभुशीत बर्फाने गच्च भरली. बोटांनी उकरून निघेना. तशीच पाठीवर चढवली. अंगाच्या उबेने बर्फ वितळून पाणी कमरेत उतरलं आणि पुढच्या थांब्याला जाळी पत्र्यासारखी कडक झाली. शिवाय जाळीमुळे सगळं ओझं पाठीपासून लांब राहतं. सपाटीवर ते कळत नाही. उभ्या घळीत, वर अडीच-तीन किलोच्या स्की बांधलेल्या असताना, कोणी तरी मागून खांदे ओढतंय असं वाटत राहतं.

मला कोरडे हातमोजे हवे होते. ते तळाशी. सॅक फक्त वरून उघडणारी. म्हणजे वाऱ्यात, उतारावर, सगळं सामान बाहेर. मोज्यांची पिशवी हातातून सुटली आणि घळीतून खाली गेली ती गेलीच. बकलं नखाएवढी; जाड मोजे घालून लागत नाहीत, काढून लावली तर बोटं बधिर. छातीचा पट्टा शेवटी जोडीदाराने लावून दिला.

खिंडीपलीकडचा उतार म्हणे अप्रतिम होता. असेल. वर ती उंच सॅक प्रत्येक वळणाला अर्धा क्षण उशिरा वळत होती, त्यामुळे माझं लक्ष फक्त न पडण्यावर होतं.

तर आता ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

एकच सॅक परवडत असेल, तर ४० लिटरच्या आसपासची स्कीसाठी बनवलेली घ्या. उन्हाळ्यात दोन-तीन मुक्काम हलक्या सामानात ती निभावते, पाठीला घाम येईल एवढंच. उलटं जमत नाही. तंबू आणि बरेच दिवसांचा शिधा न्यायचा असेल तर ६०-६५ लिटर लागतातच, पण ती वेगळी सॅक. दोन्हीला चालणारी म्हणून जी दाखवतात ती उन्हाळ्याचीच असते, तिला दोन पट्टे जास्त शिवलेले असतात.

लिटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. मोजायची प्रमाणित पद्धत आहे, आत २० मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोळे भरून मोजतात, पण सगळेच उत्पादक तिने मोजत नाहीत. कोणी बाहेरचे उघडे खिसेही धरतं. त्यामुळे एकाची ४० दुसऱ्याच्या ३५ एवढी निघू शकते. आपलं सामान नेऊन भरून बघणं हा एकच उपाय.

त्याहून महत्त्वाची पाठीची लांबी. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. उंचीचा यात फारसा संबंध नाही; माझा जोडीदार माझ्याहून वीतभर उंच, पण आमची पाठ जवळपास सारखी. कमरेचा पट्टा त्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. हिवाळ्यासाठी घेताय तर जाड जॅकेट घालूनच मापा, कारण कपड्यांनी खांद्याच्या पट्ट्यांचं गणित बदलतं.

स्कीच्या सॅकमध्ये मी पाठ आधी बघेन: गुळगुळीत, बंद, बर्फ धरणार नाही अशी. मग पाठीकडून उघडणारी मोठी चेन. ती असली की सॅक पालथी टाकून सामान काढता येतं आणि पाठीला लागणारी बाजू बर्फात जात नाही. फावडं आणि प्रोब (बर्फात गाडलेल्याला टोचून शोधायची लांब काठी) यांना वेगळा कप्पा हवा, एका झटक्यात उघडणारा. ती बाहेर लटकवून फिरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर जात नाही. बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र, अर्थात अंगावर, सॅकमध्ये नाही. स्की अडकवायच्या जागी जाड, कडांना पुरून उरेल असं कापड हवं. स्की दोन्ही बाजूंना उभ्या किंवा एकत्र बांधून तिरक्या, दोन्ही प्रकारे लागाव्यात. तिरकी पद्धत पटकन होते, छोट्या चढाला पुरते. लांब चढावर वजन एका बाजूला ओढतं, तिथे दोन्ही बाजूंना बांधलेल्या बऱ्या.

हवेची पिशवी असलेल्या सॅकबद्दल सगळे विचारतात. पिशवी साधारण १५० लिटरची फुगते आणि सरकत्या बर्फात माणूस वर राहायला मदत होते, हे खरं. पण वजन वाढतं, आतली जागा जाते, आणि मांडीचा पट्टा लावला नसेल तर तिचा भरवसा नाही. अरुंद घळीत, जिथे बर्फ वरून येऊन साठतोच, तिथे तिचा फायदा कमी होतो. पिशवी फुगवणारं गॅसचं नळकांडं विमानातून न्यायला विमान कंपनीची परवानगी आधी काढावी लागते. विमानतळावर जाऊन हुज्जत घालू नका. मुक्कामी फेरीसाठी मी घेणार नाही. रोज संध्याकाळी खाली परतणाऱ्यांनी घ्यावी.

पाण्याच्या नळीसाठी सोय आहे म्हणून सॅक महाग पडत असेल तर सोडून द्या. थंडीत नळी गोठते, वेष्टण असलं तरी. प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे ढकलावं लागतं आणि एकदा विसरलात की दिवसभर कोरडं. रुंद तोंडाची बाटली आत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. पावसाचं बाहेरचं कव्हरही तसंच, वारा सुटला की पतंग होतं. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तीच खरी कामाची.

खुर्चीच्या लिफ्टवर बसायच्या आधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, सगळी लोंबती टोकं खोचा आणि सॅक पुढे मांडीवर घ्या. लोंबता पट्टा खुर्चीत अडकला तर वर उतरताना माणूस ओढला जातो.

आणि दुकानात जाताना स्वतःच्या स्की, स्कीचे बूट आणि जाड मोजे घेऊन जा. सॅकमध्ये १२ किलो भरायला लावा, स्की बांधा, सगळी बकलं मोजे न काढता लावा-सोडा. मग पायऱ्या चढा, दोन-दोन एका वेळी, आणि शेपूट पोटरीला लागतंय का ते बघा. पायऱ्या नसतील तर स्टुलावर चढा. दुकानदार तोंडाकडे बघत राहील, बघू दे.