अनुदान शोधायचे असेल, तर आधी दिली गेलेली अनुदाने वाचा

विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मंडळींशी निधीविषयी बोलणे निघाले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो ‘सध्या कोणते कॉल, म्हणजे अनुदानासाठी अर्ज मागवणारी आवाहने, सुरू आहेत?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. पण माझ्या मते तो दुसरा किंवा तिसरा असायला हवा. सुरू असलेल्या कॉलची यादी मिळवणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजना ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर एकत्र दिसतात, युरोपीय महासंघाच्या योजना त्याच्या ‘फंडिंग अँड टेंडर्स’ पोर्टलवर दिसतात, आणि पिव्हट-आरपी किंवा रिसर्च प्रोफेशनल यांसारख्या सशुल्क सेवा, ज्यांची वर्गणी अनेक विद्यापीठे आधीच भरत असतात, निवडलेल्या विषयांची सूचनापत्रे नियमितपणे पाठवत राहतात. ही सूचनापत्रे साचत जातात, काही दिवसांनी न वाचताच पुसली जातात, आणि त्यातली जी एखादी उघडली जाते तिची मुदत तीन आठवड्यांवर आलेली असते. मग त्या कॉलच्या भाषेत आपले काम कसेबसे बसवण्याची धडपड सुरू होते. परीक्षकांना ती ओळखू येते.

शोधाची दिशा उलटी असावी असे मला वाटते. आपल्यासारख्या कामाला गेल्या पाच-सात वर्षांत कोणी पैसे दिले, किती दिले आणि कोणत्या टप्प्यावरच्या संशोधकाला दिले, हे आधी पाहावे. या माहितीचा बराच मोठा भाग सार्वजनिक आहे आणि तो वाचायला शुल्क पडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे एनआयएचचे ‘रिपोर्टर’ हे संकेतस्थळ घ्या. तिथे मंजूर प्रकल्पाचा सारांश, रक्कम, कालावधी, मुख्य संशोधक आणि प्रस्तावाचे परीक्षण करणारी समिती, असे सगळे उघड मिळते. त्यातच ‘मॅचमेकर’ नावाची सोय आहे: आपल्या प्रस्तावाचा सारांश त्यात चिकटवला की त्याच्याशी मिळतेजुळते मंजूर प्रकल्प आणि ते सांभाळणारे अधिकारी समोर येतात. एनआयएचकडे अर्ज करण्याचा कोणताही विचार नसलेल्यानेही एकदा हा प्रयोग करून पाहावा, कारण आपला विषय दुसरे लोक कोणत्या शब्दांत मांडतात हे त्यातून कळते. अमेरिकेचेच राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे एनएसएफची ‘अवॉर्ड सर्च’, युरोपीय प्रकल्पांचा ‘कॉर्डिस’ हा १९९० पासूनचा संग्रह आणि ब्रिटनचे ‘गेटवे टू रिसर्च’ हीदेखील याच जातीची साधने आहेत.

नोंदी वाचण्याचा खरा फायदा असा, की कॉलची जाहिरात जे सांगत नाही ते त्या सांगतात. जाहिरातीत ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द हमखास असतो. प्रत्यक्षात मंजूर झालेले प्रकल्प एकाच प्रकारच्या प्रयोगशाळांचे आहेत का, हे यादी पाहूनच समजते. कमाल मर्यादा जाहिरातीत दिलेली असते, पण सामान्यपणे किती रक्कम मंजूर होते हे नोंदींत असते. आणि कधी कधी आपला निधीदाता वेगळ्याच खात्यात बसलेला आढळतो. भूजलातील आर्सेनिकवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ साहजिकच रसायनशास्त्राच्या किंवा भूविज्ञानाच्या योजना शोधत राहील. पण एनआयएचमधील पर्यावरणीय आरोग्य संस्थेच्या ‘सुपरफंड संशोधन कार्यक्रमा’तून आर्सेनिकवरील कामाला अनेक वर्षे पैसा मिळत आला आहे, आणि त्या प्रकल्पांत डॉक्टरांच्या जोडीला भूरसायनशास्त्रज्ञ आणि अभियंतेही असतात. ‘रसायनशास्त्र’ हा शब्द टाकून योजना शोधणाऱ्याला हे दार दिसण्याची शक्यता कमीच. ‘आर्सेनिक’ हा शब्द टाकून मंजूर प्रकल्प पाहणाऱ्याला मात्र ते लगेच दिसते.

शोधनिबंधांच्या शेवटी असलेले ऋणनिर्देश हा दुसरा, दुर्लक्षित स्रोत. वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचीत निधीदात्यांचे उल्लेख २००८ पासून शोधता येतील अशा रीतीने नोंदवले जातात, आणि शोधनिबंधांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०१३ मध्ये निधीदात्यांच्या नावांची खुली नोंदवही सुरू केली. आपण ज्यांचे निबंध वारंवार उद्धृत करतो अशा दहा-पंधरा संशोधकांचे ऋणनिर्देश सलग वाचले तरी आपल्या क्षेत्रातील पैशाचा नकाशा बऱ्यापैकी उभा राहतो. मानव्यविद्यांत हे कमी उपयोगी पडते, कारण तिथे काम ग्रंथरूपाने येते आणि ग्रंथांच्या प्रस्तावना अशा सूच्यांत सहसा सापडत नाहीत. त्या ग्रंथालयात जाऊनच वाचाव्या लागतात.

खासगी प्रतिष्ठानांच्या बाबतीत थोडी अधिक चिकाटी लागते, पण तिचे फळही चांगले मिळते. अमेरिकेतील प्रत्येक खासगी प्रतिष्ठानाला दरवर्षी करखात्याकडे ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते आणि त्यात त्या वर्षी कोणाला किती अनुदान दिले याची यादी असते. ही विवरणपत्रे सार्वजनिक असून प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर मोफत वाचता येतात. त्याच विवरणपत्रात एक छोटी चौकट असते. आपण फक्त आधीच निवडलेल्या संस्थांनाच देणग्या देतो आणि बाहेरून आलेल्या विनंत्या स्वीकारत नाही, असे असल्यास प्रतिष्ठान त्या चौकटीत खूण करते. प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर कितीही उदार शब्द असोत, खूण असेल तर अर्ज लिहीत बसण्यात अर्थ नाही. ओळखीतून वाट निघते का ते पाहावे, नाहीतर पुढच्या नावाकडे वळावे. ब्रिटनमध्ये ‘३६० गिव्हिंग’ या उपक्रमातून अनेक धर्मादाय संस्था आपली अनुदाने एकाच ठराविक मांडणीत प्रसिद्ध करतात, त्यामुळे तिथे हे काम बरेच सोपे आहे.

नावांची यादी अशी पंधरा-वीसवर आली की मगच पात्रतेचे नियम वाचायला घ्यावेत, आणि ते अगदी कोर्टाचा कागद वाचावा तसे वाचावेत. युरोपीय संशोधन परिषदेला, म्हणजे ईआरसीला संशोधकाचे नागरिकत्व कोणतेही चालते, पण यजमान संस्था महासंघातील किंवा त्याच्याशी संलग्न देशातील असावी लागते. पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठी असलेल्या युरोपीय महासंघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या नियमांत मुदतीपूर्वीच्या ३६ महिन्यांपैकी १२ महिन्यांहून अधिक काळ यजमान देशात राहिलेल्या किंवा काम केलेल्या अर्जदाराला त्याच देशासाठी अर्ज करता येत नाही. चांगल्या हेतूने आधीच तिथे जाऊन बसलेला उमेदवार या अटीत अडकतो. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमला जीवविज्ञानातील आंतरराष्ट्रीय चमू हवा असतो आणि सुरुवात पूर्ण प्रस्तावाने न होता संक्षिप्त इरादापत्राने होते. तिथे प्राथमिक निष्कर्ष असलेच पाहिजेत अशी अपेक्षा नसते, हे नव्या कल्पनेवर काम करणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे. काही योजनांत तर स्पर्धा विद्यापीठाच्या आतच सुरू होते. अमेरिकेतील पॅकार्ड प्रतिष्ठानाच्या फेलोशिपसाठी निवडक विद्यापीठांच्या प्रमुखांना मोजकीच नावे सुचवण्याचे निमंत्रण जाते, त्यामुळे अशा योजनांची खरी मुदत जाहीर मुदतीच्या कितीतरी आधी, आपल्याच संशोधन कार्यालयाच्या एखाद्या परिपत्रकात दडलेली असते. हे परिपत्रक न वाचण्याची सवय विद्यापीठांत इतकी रुजलेली आहे, की केवळ ते वाचणाऱ्यालाही काही अंशी आघाडी मिळते.

मुदतींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मोठ्या संस्थांच्या मुदती वर्षानुवर्षे त्याच असतात. एनआयएचच्या आर-०१ या संशोधन प्रकल्प अनुदानाच्या नव्या अर्जांसाठीच्या ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर या तारखा अनेकांना तोंडपाठ आहेत. युरोपीय कार्यक्रमांची कार्यपत्रिका आधीच प्रसिद्ध होत असल्याने पुढच्या वर्षीचा कॉल आजच वाचता येतो. दुसरीकडे एनएसएफच्या अनेक कार्यक्रमांनी ठरावीक मुदतीच काढून टाकल्या आहेत. अर्ज केल्यापासून पैसे हातात येईपर्यंत बहुधा नऊ महिने ते वर्ष जाते, हे गृहीत धरून मागे मोजत यावे.

यादी आणि पात्रता जुळली, की अर्ज लिहिण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्याला, म्हणजे निधीदात्याकडे ती योजना सांभाळणाऱ्याला, पत्र पाठवावे. संशोधकांना याचा संकोच वाटतो. वशिला लावल्यासारखे दिसेल अशी त्यांना भीती असते. वास्तविक एनआयएच आणि एनएसएफ या दोन्ही संस्था अशा संपर्काला उत्तेजनच देतात. पत्र एका पानाहून मोठे नसावे: प्रश्न काय आहे, तो कसा सोडवणार आणि त्याचा उपयोग काय, एवढे सांगून हे काम आपल्या कार्यक्रमात बसते का, नसेल तर कोणत्या कार्यक्रमात बसेल, असे थेट विचारावे. ‘बसत नाही’ हे उत्तर दोन महिन्यांचे काम वाचवते. मात्र प्रस्ताव चांगला आहे का, असे त्यांना विचारू नये. तो निर्णय परीक्षकांचा असतो.

एकाच निधीदात्यावर सगळी भिस्त ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि त्याला एक ठोस कारण आहे. जवळपास सारख्याच दर्जाच्या प्रस्तावांत निवड करणे परीक्षकांनाही जमत नाही, हे काही संस्थांनी आता उघडपणे मान्य केले आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने आपल्या ‘एक्स्प्लोरर’ अनुदानांसाठी पात्र ठरलेल्या प्रस्तावांतून सोडत काढण्याची पद्धत २०१३ पासून अवलंबली, आणि स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानेही सीमारेषेवरच्या प्रस्तावांसाठी २०२१ मध्ये सोडतीची तरतूद केली. सोडत उघड नसली तरी योगायोगाचा थोडाबहुत वाटा सगळीकडेच असतो, म्हणून यादीतील दोन-तीन नावांकडे समांतर तयारी चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते. फक्त एकाच कामाचे प्रस्ताव दोन ठिकाणी देता येतात का, हे दोघांच्याही नियमांत तपासावे. मोठे निधीदाते चालू आणि प्रलंबित अनुदानांची यादी प्रस्तावासोबत मागतात, आणि दोन्हीकडून मंजुरी आलीच तर एकाच खर्चासाठी दोनदा पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे प्रस्ताव आखतानाच कोणता भाग कोणाच्या पैशातून होईल आणि दुसरी मंजुरी आल्यास कोणता भाग वगळायचा किंवा वाढवायचा, हे संशोधन कार्यालयाशी बोलून लिहून ठेवावे.