डोपामिनची प्लेट उलटी वाचायची असते

आमच्या फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये दर वर्षी एम.फार्मची नवी मुलं येतात आणि पहिल्याच डोपामिन एलायझाला (मेंदूतलं डोपामिन हे रसायन अँटिबॉडी आणि रंगाच्या मदतीने मोजायची चाचणी) कुणीतरी घाबरून हाक मारतं, "मॅडम, लवकर या, रंगच चढेना!" जाऊन बघावं तर शून्य स्टँडर्डची, म्हणजे मुद्दाम डोपामिन न घातलेल्या नमुन्याची, वेल (प्लेटमधला खळगा) गडद निळी आणि सर्वांत जास्त डोपामिन असलेली जवळजवळ पाण्यासारखी. म्हणजे सगळं अगदी बरोबर चाललेलं असतं.

डोपामिनचा रेणू जेमतेम 153 डाल्टनचा (रेणूच्या वजनाचं एकक), तर त्याला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी, म्हणजे एक प्रथिन, दीड लाखाच्या आसपास. एवढ्याशा रेणूला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी एकदम धरणार कशा? त्यामुळे सँडविच पद्धत बाद. मग लागते संगीत खुर्ची. तळाला चिकटवलेलं डोपामिन आणि सॅम्पलमधलं डोपामिन, दोघांचाही डोळा त्याच मोजक्या अँटिबॉडींवर. रंग येतो तो तळाशी धरलेल्या अँटिबॉडींमुळे, म्हणून सॅम्पलने जास्त पळवल्या की तळाशी कमी उरतात आणि रंग फिका पडतो. शेवटी आम्ल टाकलं की निळ्याचा पिवळा होतो, आणि रीडर 450 नॅनोमीटरला आकडा देतो. डोपामिनसाठी 'सँडविच' लिहिलेलं स्वस्त किट घेऊन कुणी आलाच, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवते.

पण खरी मारामारी प्लेटवर नसते, त्याच्या आधी असते. उंदराचा मेंदू बाहेर काढला की बर्फावर स्ट्रायटम (मेंदूतला डोपामिनने भरलेला भाग) वेगळा करायचा, लगेच लिक्विड नायट्रोजन, मग उणे 80 अंश सेल्सिअस. इथे गप्पा मारत बसलात तर डोपामिन हवेतल्या ऑक्सिजनला द्यायचं. आमची मुलं सवयीने पीबीएसमध्ये (उदासीन फॉस्फेट-मिठाच्या द्रावणात) होमोजिनाइझ करतात, म्हणजे वाटून एकजीव करतात. उदासीन पीएचला डोपामिन टिकत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी 0.01 नॉर्मल एचसीएल (सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल), धातू पकडणारं ईडीटीए आणि ऑक्सिडेशन रोखणारं थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट घ्यायचं, तेही थंडगार. आणि आकडा प्रोटीनच्या मिलिग्रॅमवर काढायचा असेल तर या मिश्रणावर बीसीए ही प्रोटीन मोजायची चाचणी लावू नका. ती तांब्यावर चालते. ईडीटीए तांबं पकडून ठेवतं आणि मेटाबायसल्फाइट भलताच रंग आणतं. ब्रॅडफर्ड ही दुसरी प्रोटीन-चाचणी करा.

यंदा एकीचा विषय आहे खाजकुइली. तिच्या बियांत एल-डोपा (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं) असतं, हे 1937 पासून माहीत आहे. आता गंमत बघा. बऱ्याच किटांत आधी बोरोनेट या रसायनावर कॅटेकोल (डोपामिन ज्या गटातलं आहे ते रेणू) पकडतात, मग अॅसायलेशन करून, म्हणजे रेणूला अॅसिल गट जोडून, अँटिबॉडीला ओळखता येईल असं रूप देतात. एल-डोपाही कॅटेकोलच! तेव्हा उंदराला अर्क पाजल्यावर आकडा वाढला, तर तो मेंदूत तयार झालेल्या डोपामिनमुळे, की न बदललेल्या एल-डोपाने अँटिबॉडीला फसवल्यामुळे? माहितीपत्रकातला क्रॉस-रिअॅक्टिव्हिटीचा (अँटिबॉडी चुकून आणखी कुणाला धरते त्याचा) तक्ता बघायचाच, पण मी तिला सांगितलंय, नुसतं एल-डोपा घाल आणि किट त्याला किती 'डोपामिन' म्हणतं ते बघ.

96 वेलमधल्या सहा स्टँडर्ड आणि दोन कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे बघायचे नमुने), सगळं ड्युप्लिकेटमध्ये, म्हणजे प्रत्येकी दोन वेलमध्ये, धरलं की 80 वेल उरतात, म्हणजे 40 सॅम्पल. त्यातलं एक या तपासणीला जाणार म्हणून सरांशी आमची अजून हुज्जत चालू आहे.