मामाच्या कपाटातली लाल वही

परवा रविवारी मामाकडे गेलो होतो, कोपरखैरण्याच्या बाजूच्या गावठाणात. चैत्रातल्या गावदेवीच्या जत्रेला तिथे कबड्डीचे सामने होतात, लहानपणापासून बघत आलोय. पण या वेळी मामाने लोखंडी कपाटातून एक वही काढून दाखवली, लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणावाले उधारी लिहायचे तसली. मंडळाची जमाखर्चाची वही. चुना दोन गोणी, पेट्रोमॅक्सचं भाडं, नारळ, नवीन शिट्टी एक, पंचांचा चहा असा सगळा हिशोब आणि त्याच पानावर खाली सामन्यांचे निकाल.

साठच्या दशकातल्या पानांवर गुण लिहिलेलेच नाहीत. नुसतं "5 लोण, 3 लोण" असं लिहिलंय. मला वाटलं कोणीतरी अर्धवट लिहून सोडलंय, तर मामा म्हणाला अरे तेव्हा आमच्याकडे गामिनी खेळायचे. म्हणजे बाद झालेला गडी परत आत येत नाही, सगळी टीम बाद झाली की एक लोण, आणि पाच किंवा सात लोण आधी करेल तो जिंकला. संजीवनी, गामिनी, अमर असे कबड्डीचे तीन प्रकार मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेसाठी पाठ पण केले होते, पण आपल्याच गावात त्यातला एक प्रकार खेळला जायचा आणि त्याचा कागद मामाच्या कपाटात पडून आहे हे बघून अंगावर काटा आला. पुढच्या पानांवर हळूहळू गुण यायला लागतात, अक्षर बदलतं, हुतूतूच्या जागी कबड्डी लिहिलेलं दिसतं.

आणि जागा पण बदलते. आधी "भात कापल्यावर शेतात". 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यानंतरच्या पानांवर शाळेचं पटांगण येतं, मग रस्त्याकडेचा मोकळा प्लॉट, आणि आता तर भाड्याची मॅट. शेत गेलं, माती गेली, खेळाचे नियम पण बदलले तरी चैत्रात सामने झालेच. मग वारसा नक्की कशाला म्हणायचं, हे त्या दिवसापासून डोक्यात फिरतंय.

सरकार, कोर्ट वगैरे आपल्या पद्धतीने ठरवतात. बैलगाडा शर्यतींचंच बघा, 2014 ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर 2021 ला अंतरिम परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबद्दल, म्हणजे बैलाला पकडायच्या खेळाबद्दल, सांगितलं की हा तिथल्या संस्कृतीचा भाग आहे असं विधिमंडळाने ठरवलंय, तर त्यात आम्ही पडत नाही, आणि त्याच निकालात आपल्या महाराष्ट्राचा कायदाही टिकला. युनेस्कोचा 2003 चा करार मला जास्त पटतो, त्यात वारसा कशाला म्हणायचं तर जो त्या लोकांनी स्वतः आपला मानलाय त्याला. स्पेनमधल्या कॅटलोनियातले मानवी मनोरे 2010 मध्ये त्यांच्या यादीत गेले. आपल्या ठाण्यात 2012 च्या दहीहंडीला जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनीज रेकॉर्ड केला, तो दिवस ठाणेकर विसरणार नाहीत. पण आपण थर मोजले, बक्षिसाची रक्कम मोजली, खालच्या थराला कोण उभं होतं आणि त्याला कोणी शिकवलं हे कुणी लिहून ठेवलं का? मला याचं खरंच वाईट वाटतं.

लोकांनी आपलं मानलंय हे कळतं कधी, तर स्पर्धा बंद पडल्यावर. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन 2019 नंतर झालीच नाही, पण दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीत कोणीतरी विचारायचंच, यंदा आहे का हो? 2025 च्या ऑगस्टमध्ये परत झाली तेव्हा शेजारचे काका, जे स्वतः कधीच धावले नाहीत, छत्री घेऊन पहाटे रस्त्यावर उभे होते.

तर मुद्दा वहीचा. गावठाणात आता रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू आहेत, मंडळाची खोली जाणार हे नक्की, आणि असं सामान हलवताना जुने कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात. मी मामाला म्हटलं वही ठाण्याला नेतो, स्कॅन करतो. त्याने सरळ सांगितलं, "ही वही कोनाला द्यायची नाय, इथंच बस नि काय ते कर." बरोबरच आहे त्याचं, त्याच्या वडिलांचं अक्षर आहे त्यात.

मग ट्यूबलाइटखाली चटईवर बसून मोबाईलने एकेक पान काढलं. मामी कागद सरळ धरत होती, मामा नावं सांगत होता, हा अमक्याचा आजोबा, याची पकड अशी की गडी हलायचा नाही. तुमच्या मंडळात अशी वही असेल, शील्डमागे चिकटवलेली यादी असेल, जुनी हँडबिलं असतील तर प्लीज या आठवड्यातच फोटो काढा आणि नावं सांगणारं माणूस शेजारी बसवून काढा.

आमची अर्धीच झालीये. मधली काही पानं ओलीने एकमेकांना चिकटलीत, ती ओढायची नाहीत असं मामीने बजावलंय. पुढच्या रविवारी परत जातोय.