पुढचा कॅलिपर बदलला, घाट उतरून आलो

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या मोटारसायकलचं पुढचं चाक जड फिरतंय आणि पॅड बदलूनही फरक पडत नाही. कारण सापडलं, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलून झाला आणि काल गाडी चाळीसगावहून कन्नड घाट चढून-उतरून आली.

आधी निदान. पुढचा ब्रेक अजिबात न लावता चार-पाच किलोमीटर फिरून आलो, गाडी मेन स्टँडला लावली आणि डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले. चर्र झालं! ब्रेक लावलाच नाही तर डिस्क तापायचं काही कारण नाही. मग निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू, जरा सैल केलं. ब्रेक ऑइलचा दाब सुटला तरी चाक जडच. म्हणजे मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा ऑइल ढकलणारा भाग) आणि होज (ऑइलची नळी) दोन्ही निर्दोष, दोष कॅलिपरमध्येच. पाच मिनिटांचं काम आहे हे. पॅडवर पैसे घालण्याआधी नक्की करा, मी केलं नव्हतं.

होज सोडायच्या आधी लिव्हर मारूनच पॅड ढकलणारा पिस्टन कॅलिपरमधून बाहेर काढला. त्याच्या चकचकीत अंगावर खसखशीएवढे खड्डे पडलेले. त्याच्याभोवतीचं रबरी सील काढलं तर मागच्या खाचेत खडूसारखी पांढरी पूड घट्ट बसलेली. खरा घोटाळा तिथे होता. लिव्हर दाबला की ते चौकोनी सील किंचित मुरडतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. खाचेतल्या पुडीनं सील पुढे रेटलं गेलं की ते पिस्टन आवळून धरतं, मग मागे कोण ओढणार? खाच कोरून साफ केली, पण ॲल्युमिनियमच खाल्लं गेलं होतं. नुसत्या सील किटवर भागवायचं मन झालं नाही. ब्रेक आहे तो.

हा गंज ओलीचा. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, इथे ऑइलमध्ये ओल कुठून येणार, असं मला वाटायचं. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतच राहतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची हमी फक्त १५५ ची. माझं चार वर्षांचं ऑइल चहासारखं तांबूस झालं होतं. आता दर दोन वर्षांनी बदलणार.

नवा कॅलिपर बसवणं सोपं. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याची नवी वॉशर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

रडवलं ते ऑइलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढण्यानं. पुतण्या लिव्हर मारून धरायचा, मी आठच्या पान्यानं निपल उघडून बंद करायचो, पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. अर्धी बाटली संपली तरी लिव्हर ग्रिपला टेकायचा. शेवटी कॅलिपर फोर्कवरून सोडला, पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घातली आणि निपल सगळ्यात वर येईल असा तिरका धरला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकत गेलो तसे सोड्यासारखे बारीक बुडबुडे नळीतून यायला लागले. दहाएक मिनिटांनी पुतण्या म्हणाला, "काका, आते कडक लागस!" तरी कॅलिपर जागेवर बसवून लिव्हर ट्यूबच्या पट्टीनं रात्रभर बांधून ठेवला. सकाळी पट्टी सोडली तेव्हा हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत आणखी दोन बुडबुडे आले. या सगळ्यात टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोल टाकीवर ब्रेक ऑइलचा थेंब उडाला तर लगेच भरपूर पाणी ओता, रंग खातो.

आधी मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत पॅड बसवून घेतले, मग घाट. उतरताना प्रत्येक वळणावर लिव्हर त्याच जागी कडक. खाली आल्यावर पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं, अडीच फेरे गेलं. आधी अर्धासुद्धा जात नव्हतं.

येत्या रविवारी मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर.