ओळीत मांडलेली चार छायाचित्रे

माझ्या मामांच्या आजाराचे निदान करताना अंतःस्रावतज्ज्ञांनी सर्वांत आधी मागितली ती त्यांची जुनी छायाचित्रे. लग्नातले, ओळखपत्रावरचे, पासपोर्टचे आणि अगदी अलीकडचे अशी चार छायाचित्रे त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. रोज समोर वावरणाऱ्या माणसात आम्हाला जे इतकी वर्षे दिसले नव्हते, ते तेव्हा मिनिटभरात दिसले. नाक रुंदावले होते, भुवयांवरचे हाड पुढे आले होते, खालचा जबडा लांबला होता आणि दातांत फटी पडल्या होत्या. अंगठी बोटात जाईनाशी झाली आणि बुटांचा नंबर दोनदा वाढला, तेव्हाही आम्ही ते वाढत्या वयावर ढकलले होते. आजार होता ॲक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवत राहते आणि हाडे व मऊ ऊती हळूहळू वाढत जातात. ही वाढ इतकी संथ असते की अनेक रुग्णांचे निदान कित्येक वर्षे लांबते.

तेव्हापासून, डॉक्टरांची सरावलेली नजर संगणकाला किती देता येईल, याविषयी मी मिळेल ते वाचत आलो आहे.

चेहऱ्यावर आजाराची खूण उमटते याला ठोस जैविक कारण आहे. गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान चेहरा आकार घेतो, आणि त्याची बरीचशी हाडे व कूर्चा गर्भातल्या ज्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या, जागा बदलत जाणाऱ्या पेशींपासून बनतात, त्यांच्यातल्याच काही पेशी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या घडणीतही भाग घेतात. त्यामुळेच बाविसाव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा नसलेल्या मुलांमध्ये चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि हृदयातील जन्मजात दोष पुष्कळदा एकत्र आढळतात.

2019 साली ‘नेचर मेडिसिन’ या संशोधनपत्रिकेत डीपगेस्टाल्ट या, चेहऱ्याच्या छायाचित्रावरून जनुकीय सिंड्रोम (एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा समूह) सुचवणाऱ्या संगणक प्रणालीची माहिती प्रसिद्ध झाली. 200 हून अधिक सिंड्रोमच्या 17,000 हून अधिक छायाचित्रांवर ती शिकवलेली होती, आणि चाचणीच्या 502 छायाचित्रांपैकी सुमारे 91 टक्क्यांमध्ये योग्य नाव तिने सुचवलेल्या पहिल्या दहा नावांत होते. ‘पहिल्या दहा’ हे शब्द बातम्यांतून बहुधा गळतात, आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण या प्रणालीचे खरे मोल त्या शब्दांतच आहे. दुर्मीळ आजाराचे मूल घेऊन वर्षानुवर्षे दारोदार फिरणाऱ्या आईवडिलांसाठी दहा नावांची यादी फार मोठी गोष्ट असते. पुढची जनुकीय तपासणी कोणत्या दिशेने करायची, हे त्या यादीमुळे ठरवता येते. मात्र यंत्राने पाहिलेले चेहरे कोणाचे, हा प्रश्न राहतोच. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच प्रणालीला बेल्जियममधील मुलांमधला डाउन सिंड्रोम काँगोमधील मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेळा ओळखता आला. आफ्रिकी चेहरे शिकवल्यानंतर तिची ओळख पुष्कळ सुधारली.

निरोगी दिसणाऱ्या सर्वांचीच अशी चाळणी करण्याच्या कल्पनेबद्दल मात्र मी साशंक आहे. 2020 साली चीनमधील संशोधकांनी चेहऱ्याच्या छायाचित्रांवरून हृदयाच्या धमन्यांचा आजार ओळखण्याचा प्रयत्न केला. संवेदनशीलता 80 टक्के होती, म्हणजे आजार असलेल्या शंभरांपैकी ऐंशी जण यंत्राने ओळखले, पण आजार नसलेल्यांपैकी केवळ 54 टक्क्यांनाच यंत्राने ‘आजार नाही’ असे सांगितले. समजा, हजार माणसांत पन्नास जणांना आजार आहे. या हिशेबाने त्यांतले चाळीस सापडतील, पण त्यांच्यासोबत 437 निरोगी माणसेही संशयित ठरतील. त्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारी धास्ती आणि पुढच्या तपासण्या कोणी मोजायच्या? शिवाय चेहऱ्याचे छायाचित्र ही रक्ताच्या नमुन्यासारखी निनावी ठेवता येण्याजोगी गोष्ट नव्हे, म्हणून ते कोणत्या कामासाठी घेतले जात आहे हे आधी सांगून संमती घेतलीच पाहिजे.

एकाच माणसाची दहा-पंधरा वर्षांतली छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून बदल मोजणे, हे काम मला यंत्राला सर्वांत साजेसे वाटते, कारण तेथे तुलना दुसऱ्या कोणाशी नसून त्या माणसाच्याच जुन्या चेहऱ्याशी असते. मामांच्या बाबतीतही त्या चार छायाचित्रांवर कोणी निदान पक्के केले नाही. वाढीच्या संप्रेरकामुळे शरीरात तयार होणाऱ्या आयजीएफ-1 या घटकाचे रक्तातील प्रमाण पाहिले गेले, ग्लुकोज पाजून संप्रेरक खाली येते का हे तपासले गेले, एमआरआयमध्ये गाठ दिसली आणि मगच नाकावाटे शस्त्रक्रिया झाली.