मित्राच्या लॉगबुकातलं टायगर मॉथ

फ्लाइंग क्लबात शिकलेल्या जुन्या पिढीतल्या वैमानिकाचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, उघडलं, की पहिल्या पानांवर विमानाच्या प्रकाराच्या रकान्यात बऱ्याचदा एकच नाव खालपर्यंत लिहिलेलं दिसतं: टायगर मॉथ. असा मित्र गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी या दुपंखी विमानाचं मॉडेल करायचं ठरवलं असेल, तर माझा एकच आग्रह आहे. किटच्या खोक्यावरच्या चित्रातलं टायगर मॉथ करू नका. लॉगबुकातली एक ओळ निवडा, शक्यतो पहिल्या सोलोची (एकट्याने केलेल्या उड्डाणाची), आणि त्या तारखेला ते विमान जसं होतं तसंच करा. पुढचं सगळं काम, सीटचे पट्टे कुठे बांधायचे इथपासून रंग कुठला लावायचा इथपर्यंत, त्या एका ओळीवरून ठरत जातं.

डी हॅविलंड कंपनीचं डीएच ८२ टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडालं. पुढे आलेल्या डीएच ८२ए मध्ये १३० अश्वशक्तीचं, उलट्या बसवलेल्या चार सिलिंडरांचं जिप्सी मेजर इंजिन होतं. जगभरात ८,००० हून अधिक विमानं तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात बांधलेली काही भारतातही आली. स्वातंत्र्यानंतर हवाई दलात एचटी-२ आणि क्लबांमध्ये पुष्पक ही शिकाऊ विमानं रुळेपर्यंत आपल्याकडच्या असंख्य वैमानिकांनी याच विमानावर हात बसवला. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब हे त्यातलं मराठी वाचकांच्या ओळखीचं नाव.

लॉगबुकात 'व्हीटी' या भारतीय विमानांच्या खुणेने सुरू होणारी नोंदणी सापडली, की त्या विमानाचे फोटो शोधायला लागा. कुटुंबाचे अल्बम, क्लबातले सोबती, तिथे काम केलेले मेकॅनिक, सगळ्यांना विचारा. फोटो हाती आला की आधी चार गोष्टी बघायच्या. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट (पुढे सरकणाऱ्या झडपा) आहेत की काढून टाकलेत? शेपटाच्या आडव्या पंखाच्या पुढे, फ्यूजलाजवर (विमानाच्या धडावर) लांबट पट्ट्या आहेत का? विमान गिरकीतून नीट बाहेर यावं म्हणून या पट्ट्या युद्धकाळात बसवायला सुरुवात झाली, पण प्रत्येक विमानावर त्या नव्हत्या. मागच्या कॉकपिटवर आंधळ्या उड्डाणाच्या (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याच्या) सरावासाठी घडीचं कापडी हुड आहे का? आणि शेपटाखाली स्किड (जमिनीवर घासत जाणारा दांडा) आहे की चाक? कॅनडात बांधलेल्या डीएच ८२सी ला बंद कॅनोपी, ब्रेक आणि मागे चाक होतं. त्या प्रकाराचं किट चुकून घेतलं, तर आपल्याकडचं विमान त्यातून होणार नाही.

रंगाचा अंदाज मात्र कृष्णधवल फोटोवरून बांधू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा रंग गडद उमटतो आणि चंदेरी रंग ऊन कसं पडलंय त्याप्रमाणे पांढरा किंवा करडा दिसतो. त्या विमानाला हात लावलेल्या माणसाची आठवण इथे फोटोपेक्षा जास्त भरवशाची.

विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर. म्हणजे १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) साधारण १२४ मिलिमीटर, १/४८ मध्ये १८६ आणि १/३२ मध्ये २७९. एअरफिक्सची किट पहिल्या दोन मापांत मिळतात, आयसीएमचं तिसऱ्यात. मी १/४८ घ्या म्हणेन. १/७२ मध्ये कॉकपिटमधले पट्टे अर्ध्या मिलिमीटरचे होतात आणि नेमकं तेच दाखवायचं असतं. १/३२ चं मॉडेल देखणं होतं, पण त्याची काचपेटी साध्या घराच्या शोकेसमध्ये बसत नाही. मित्राच्या घरच्यांना ते कुठे ठेवू असा प्रश्न पडू नये.

काम कॉकपिटपासून सुरू होतं आणि माझ्या मते या मॉडेलचं सगळं मर्म तिथेच आहे. टायगर मॉथमध्ये शिक्षक पुढे बसतो आणि विद्यार्थी मागे. एकट्याने उडवायचं तरी मागूनच, कारण पुढच्या सीटवर एकटा बसला तर तोल पुढे जातो. तेव्हा पहिल्या सोलोच्या दिवसाचं विमान करायचं, तर पुढची सीट रिकामी आणि तिचे पट्टे आवळून बांधलेले हवेत. सैल पट्टा स्टिकमध्ये (विमान वळवायच्या दांड्यात) अडकला तर उड्डाणात जिवावर बेतू शकतं, म्हणून उड्डाणाआधी तो बांधतातच. मागच्या सीटचे पट्टे मात्र सुटे, कॉकपिटच्या कडेवर टाकलेले ठेवा. वैमानिक नुकताच उतरला आहे किंवा आता चढणार आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. किटसोबत आलेल्या चित्रात दोन्हीकडचे पट्टे सारखेच दाखवलेले असतात, ते सोडून द्या.

पट्टे मास्किंग टेपचे करावेत. खरा पट्टा सुमारे ३८ मिलिमीटर रुंद धरला तर १/४८ मध्ये ०.८ मिलिमीटर येतो. नव्या पात्याने काचेवर टेप कापायची, आधी रंगवायची आणि मग चिमट्याने सीटवर बसवायची. बसवून झाल्यावर रंगवायला गेलात तर रंग कडेने सीटवर ओघळतो. हार्नेस चार पट्ट्यांचं असतं, दोन खांद्यांचे आणि दोन मांड्यांवरचे. पट्ट्यावरची भोकं ०.३ च्या पेनाने ठिपके देऊन दाखवली तरी पुरतात.

फ्यूजलाजचे दोन भाग जोडण्याआधी आतल्या बाजूचे, साच्यातून काढताना पडलेले गोल ठसे पुट्टीने बुजवा. दारं उघडी ठेवायची असतील तर ते ठसे हमखास दिसतात. दोन्ही कॉकपिटची दारं बाजूने खाली पडतात. मागचं दार उघडं आणि पुढचं बंद ठेवलं की पट्ट्यांनी सांगितलेली गोष्ट पुरी होते.

पंखांची मागची कड प्लॅस्टिकमध्ये नेहमीच जाड येते. खऱ्या विमानात तिथे कापडाच्या आत बारीक पट्टी असते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर चिकटवून पंख आतल्या बाजूने त्यावर घासा, कड साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंत आणा. वरच्या बाजूने घासू नका, कापडाखालच्या बरगड्यांचे उठाव पुसले जातात. ते उठाव फार टोकदार वाटले तर १००० नंबरने एकदाच हलका हात फिरवा. ताणलेलं कापड बरगड्यांच्या मध्ये किंचितच बसतं, खड्डे पडत नाहीत.

पंखांना बांधून धरणाऱ्या तारांसाठीची भोकं रंगाच्या आधी पाडायची. पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलमध्ये) ०.३ किंवा ०.४ चं बिट लावा, खोली जेमतेम १ मिलिमीटर. आधी सुईने टोचून जागा धरा, नाहीतर बिट घसरतं. ०.३ चं बिट तिरका जोर पडला की तुटतं आणि तुकडा पंखात अडकतो. दोन-तीन जादा बिट जवळ असू द्या.

रंगवणं पंख सुटे असतानाच उरकायचं. वरचा पंख बसल्यावर खालच्या पंखाच्या पाठीवर एअरब्रश नीट पोचत नाही. पिवळा द्यायचा असेल तर खाली पांढऱ्यात चिमूटभर लाल मिसळून फिकट गुलाबी प्रायमर द्या. करड्यावर पिवळा दिला तर तो हिरवट दिसतो आणि झाकायला थर वाढवत नेलं की बरगड्या बुडतात. चंदेरीसाठी उलट, खाली मध्यम करडा. चकचकीत काळ्यावर दिलेली चांदी आरशासारखी होते. हे कापडावर दिलेलं ॲल्युमिनियम डोप (कापड ताठ करणारा लेप) आहे, ते किंचित निस्तेजच असतं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात लॅकर मारायचा मोह टाळा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय येते. थांबणं शक्य नसेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेला थिनर वापरा आणि थर अगदी पातळ द्या.

नोंदणीची अक्षरं किटमध्ये मिळणार नाहीत, कारण कुठल्याच कंपनीने नेमकं तुमच्या मित्राचं विमान छापलेलं नसतं. काळी अक्षरं पारदर्शक डीकॅल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या) लेझर प्रिंटरवर छापता येतात. पांढरी साध्या प्रिंटरवर छापताच येत नाहीत. त्यासाठी व्हिनाइलचा मास्क कापून घ्या आणि रंग फवारा, ते डीकॅलपेक्षा दिसायलाही सरस होतं. इंकजेटवर छापलंत तर पाण्यात टाकण्याआधी क्लिअर लॅकरचे दोन-तीन हलके थर द्या, नाहीतर शाई वाहून जाते. अक्षरांची उंची फोटोतल्या रडरच्या (शेपटाच्या उभ्या, हलत्या पात्याच्या) उंचीशी ताडून काढा. फ्यूजलाजच्या दोन्ही बाजू, वरच्या पंखाची पाठ आणि खालच्या पंखाचं पोट, यातली कुठली बाजू फोटोत दिसत नसेल तर त्याच क्लबाच्या त्याच काळातल्या दुसऱ्या विमानाचा आधार घ्या. बरगड्यांवर डीकॅल बसायला मऊ करणारं द्रावण लागतं. ते लावल्यावर डीकॅल सुरकुततं, त्या वेळी हात लावू नका, वाळताना ते आपोआप ताणून बसतं.

आता वरचा पंख. इथेच सर्वांत जास्त मॉडेलं बिघडतात. टायगर मॉथचा वरचा पंख सरळ नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून पेट्रोलची टाकी असलेला मधला भाग पुढे सरकवला गेला. त्यामुळे तोल बिघडू नये म्हणून दोन्ही पंख मागे झुकवले. मधले स्ट्रट (वरचा पंख पेलणारे खांब) म्हणूनच पुढे कललेले आहेत. ते उभे चिकटवले तर पंख मागे येतो, बाजूच्या स्ट्रटना भोकं सापडत नाहीत आणि मग ओढून-ताणून बसवताना काहीतरी मोडतं. शिवाय खालच्या पंखाचा डायहेड्रल (टोकाकडे वर चढणारा कल) वरच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून समोरून पाहताना दोन्ही पंख समांतर दिसले तर ते चूक आहे.

खालचा पंख आधी बसवा आणि रात्रभर वाळू द्या. मधले स्ट्रट साध्या, सावकाश वाळणाऱ्या सिमेंटने लावा, सुपरग्लूने नाही. सिमेंट मऊ असतानाच वरचा पंख नुसता टेकवायचा, फोमबोर्डच्या कापलेल्या आधारांवर धरायचा आणि मापं घ्यायची. वरच्या पंखाच्या प्रत्येक टोकापासून रडरच्या बिजागरीपर्यंत दोरा धरा. डावं-उजवं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. मग समोरून पाहा. वरचा पंख, खालचा पंख आणि शेपटाचा आडवा पंख, यातलं काहीही डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेलं वाटता कामा नये. जुळलं की तसंच ठेवून द्या. बाजूचे स्ट्रट दुसऱ्या दिवशी लावा.

तारांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची सवय झालेले लोक प्रत्येक टोकाला टर्नबकल (तार ताणायचा फिरकीचा जोड) लावतात. टायगर मॉथच्या पंखांमधल्या मुख्य तारा चपट्या, हवा कापणाऱ्या छेदाच्या पोलादी पट्ट्या आहेत. त्यांना टोकाला काटा असतो, मध्ये फुगीर टर्नबकल नसतं. म्हणून गोल मासेमारीच्या दोऱ्यापेक्षा चपटा लवचीक धागा जास्त खरा वाटतो. ईझेड लाइन नावाच्या लवचीक धाग्याचा बारीक प्रकार या मापाला शोभतो.

क्रम आतून बाहेर ठेवा: आधी मधल्या स्ट्रटमधल्या तिरक्या तारा, मग बाजूच्या स्ट्रटच्या जोडीतल्या, मग लँडिंग वायर, शेवटी फ्लाइंग वायर. लँडिंग वायर मधल्या भागाच्या वरून बाजूच्या स्ट्रटच्या पायथ्याकडे उतरतात आणि जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. फ्लाइंग वायर खालच्या पंखाच्या मुळापासून बाजूच्या स्ट्रटच्या माथ्याकडे चढतात आणि उड्डाणात पंख धरून ठेवतात. कुठली तार कुठे जाते यात गोंधळ झाला तर ती कुठलं ओझं पेलते याचा विचार करा, जागा लगेच सापडते. धाग्याचं एक टोक सुपरग्लूच्या कणभर थेंबाने भोकात बसवा, पूर्ण वाळू द्या, मग धागा जेमतेम दहावा हिस्सा ताणून दुसरं टोक लावा. जास्त ताणला तर पातळ होऊन दिसेनासा होतो, शिवाय बाजूचे स्ट्रट वाकतात. नायलॉनच वापरलात आणि तो सैल पडला, तर पेटती अगरबत्ती काही मिलिमीटर दूर धरून फिरवा, आक्रसून ताठ होतो. टेकली तर तुटेल. शेपटाकडे जाणाऱ्या कंट्रोल केबल गोल आहेत, तिथे गोल धागाच हवा.

राहिलेल्या बारीक गोष्टी झटपट होतात, पण त्या विमानाची ओळख पक्की करतात. इग्निशनचे स्विच फ्यूजलाजच्या बाहेर, डाव्या बाजूला असतात, प्रोपेलर हाताने फिरवणाऱ्याला ते दिसावेत म्हणून. तेलाची टाकीही डावीकडे बाहेरच. वरच्या पंखाच्या टाकीवर तरंगत्या गेजची छोटी काचनळी उभी असते, ती ताणलेल्या पारदर्शक स्प्रूची (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या काडीची) करा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) फक्त खालच्या पंखाला आहेत. ते वळवलेले दाखवायचे असतील तर वर जाणारं बरंच वर आणि खाली जाणारं जेमतेम हललेलं ठेवा. प्रोपेलर लाकडी, त्याचा फुगीर भाग पुढे आणि सपाट भाग मागे. जिप्सी मेजर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, तेव्हा पात्याची जाड कड कुठल्या बाजूला हवी ते त्यावरून तपासा. विंडस्क्रीन किटच्या जाड प्लॅस्टिकऐवजी पारदर्शक ओएचपी शीटचे कापा आणि फेविकॉलने चिकटवा. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरा थर धरते.

मळवायचं बेतानं. क्लबाची विमानं रोज पुसली जात. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा हलका ओघळ, स्किडवर माती, खालच्या पंखाच्या मुळाशी पाय ठेवायच्या काळ्या पट्टीवर थोडी झीज, एवढं पुरे.

पाटाला २४ बाय २० सेंटिमीटरचं लाकूड घ्या. चाकातून ०.८ मिलिमीटरची पितळी पिन पाटात उतरवा, म्हणजे प्रवासात विमान हलणार नाही. काचपेटी हवीच. तारांमध्ये बसलेली धूळ ब्रशने काढायला गेलात तर पहिल्याच झटक्यात तार निघते. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची, आतून १० सेंटिमीटर उंचीची पेटी करून घ्या. जोडल्यावर ती दोन-तीन दिवस उघडी ठेवा, सॉल्व्हंटचा वास पूर्ण गेल्यावरच मॉडेलवर घाला, नाहीतर आत कोंडलेली वाफ रंग खराब करते. पाटावरच्या पट्टीवर नोंदणी, तारीख आणि विमानतळ लॉगबुकात आहे त्याच क्रमाने कोरा. पाटाच्या तळाला पाकीट चिकटवून त्यात लॉगबुकाच्या त्या पानाची प्रत आणि वापरलेल्या रंगांचे नंबर ठेवा. पुढे कधी एखादी तार तुटली किंवा रंगाचा टवका उडाला, तर दुरुस्त करणाऱ्याला ते लागतील.